नवे युकुलेले घेताना: दोषतपासणी आणि वॉरंटीची तयारी

नव्या युकुलेलेच्या, म्हणजे गिटारसारख्या दिसणाऱ्या चार तारांच्या छोट्या वाद्याच्या, वॉरंटीचा वाद बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन अडतो. दिसणारा दोष वाद्य कारखान्यातून निघाले तेव्हाच त्यात होता, की ते ग्राहकाच्या घरी आल्यावर निर्माण झाला? याचे उत्तर ज्याच्याकडे तारीखवार नोंदींसह असते त्याचे म्हणणे टिकते, आणि पहिल्या आठवड्यात राहून गेलेली नोंद पुढे कितीही पत्रव्यवहार केला तरी मागाहून तयार करता येत नाही. म्हणून ही तयारी पार्सल दाराशी येण्याआधीच सुरू करावी.

मागणी नोंदवण्यापूर्वी वॉरंटी नेमकी कोण देणार आहे हे पाहावे. उत्पादक, भारतातील आयातदार आणि प्रत्यक्ष विक्रेता हे तीन वेगळे पक्ष असतात, आणि विक्रीच्या पानावर नुसते ‘एक वर्षाची वॉरंटी’ असे छापलेले असले तरी ती या तिघांपैकी कोणाची, हे तेथे बरेचदा लिहिलेले नसते. वॉरंटीची मुदत आणि माल परत करण्याची मुदत यांतही गल्लत करू नये, कारण दुसरी मुदत अनेकदा मोजक्या दिवसांची असते आणि बदलून मिळण्याची खरी संधी त्याच दिवसांत असते. वॉरंटी सामान्यतः साहित्य आणि कारागिरी यांतील दोषांपुरती असते. तारा, नेहमीची झीज, पडल्यामुळे झालेली इजा आणि हवामानामुळे गेलेले तडे तिच्यातून वगळलेले असतात, आणि हे वगळलेले कलम आधी वाचावे. वस्तूचे वर्णन, विशेषतः वरची फळी सलग लाकडाची आहे की थर चिकटवून केलेली आहे याचा उल्लेख, तारखेसह स्क्रीनशॉट घेऊन जपून ठेवावा. विक्रीचे पान नंतर बदलू शकते, तर जाहिरातीत सांगितलेल्या गुणवैशिष्ट्यांशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येणार नाही, असे ई-कॉमर्ससंबंधीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम सांगतात. वाद्य भेट द्यायचे असेल, तर बिल कोणाच्या नावावर असावे हे आधी विचारून घ्यावे, कारण पुष्कळ उत्पादकांची वॉरंटी फक्त पहिल्या खरेदीदारापुरती असते. परदेशातील नातेवाइकाने आणलेल्या वाद्याची वॉरंटी अनेकदा खरेदीच्या देशाबाहेर चालत नाही, हेही ते मागवण्यापूर्वीच ध्यानात घेतलेले बरे.

तपासणीची साधने थोडीच लागतात आणि ती आधी जमवून ठेवता येतात. फोनवरील ट्यूनरचे ॲप, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी, छोटी विजेरी, पातळ कागदाची एक पट्टी आणि नोंदवही एवढे पुरते. शक्य असल्यास खोलीतील आर्द्रता दाखवणारे साधे मापकही घ्यावे, त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

पार्सल आल्यावर सील फोडण्यापूर्वी खोक्याच्या सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि पत्त्याच्या चिठ्ठीपासून वाद्य पूर्ण बाहेर येईपर्यंतचे चित्रीकरण मध्ये न थांबवता करावे. कायद्याने असे चित्रीकरण बंधनकारक नाही, परंतु वाहतुकीतील मोडतोडीच्या तक्रारीत विक्रेता बहुधा पहिल्यांदा तेच मागतो. खोके फेकू नये. आवेष्टित वस्तूंसाठीच्या वैधमापन नियमांनुसार आयात केलेल्या मालावर आयातदाराचे नाव व पत्ता आणि ग्राहक तक्रारींसाठीचा संपर्क छापणे आवश्यक असते, आणि वॉरंटीचा खरा धनी कोण हे पुष्कळदा त्या चिकटवलेल्या चिठ्ठीवरूनच कळते. ध्वनिछिद्रातून आत दिसणारे लेबल आणि त्यावरील अनुक्रमांक यांचेही छायाचित्र घ्यावे. उष्णतेच्या कागदावर छापलेले बिल काही महिन्यांत पुसट होते, म्हणून त्याची प्रत त्याच दिवशी काढावी. मे महिन्यात तापलेल्या टेम्पोतून आलेले वाद्य लगेच सुरात चढवू नये. ते काही तास खोलीच्या हवेत राहू द्यावे आणि तोवर डोळ्यांनी करायची तपासणी उरकावी.

या तपासणीत ब्रिजला, म्हणजे वरच्या फळीवर चिकटवलेल्या आणि तारांची टोके धरणाऱ्या पट्टीला, पहिला मान द्यावा, कारण तारांचा सगळा ताण तो झेलतो आणि सरस नीट बसलेला नसल्यास तोच प्रथम सुटू लागतो. कागदाची पट्टी ब्रिजच्या मागच्या कडेखाली सारून पाहावी. ती आत शिरत असेल, तर ते कारागिरीतील दोषाचे स्पष्ट चिन्ह समजून छायाचित्र काढावे. त्यानंतर डोक्याच्या बाजूने मानेवरून डोळा लावून मान पिळलेली आहे का हे पाहावे. लाकडाच्या रेषा आणि तडा यांत शंका आल्यास अंधारात विजेरी पोटात धरावी, आरपार गेलेल्या तड्यातून प्रकाश डोकावतो. झिलईतील किरकोळ डाग किंवा आत ओघळलेला सरस स्वस्त वाद्यांत सर्रास आढळतो. त्याची नोंद जरूर करावी, पण त्यावरून भांडू नये असे माझे मत आहे, कारण क्षुल्लक गोष्टींनी भरलेल्या तक्रारीत मुख्य दोष झाकला जातो.

आता सुराकडे. पांढरी एक हा सा मानला, तर सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या तिन्ही आकारांच्या तारा नेहमीच्या पद्धतीत प, सा, ग, ध अशा लागतात, म्हणजे जी, सी, ई, ए. यातील पहिली तार तिच्या शेजारच्या तारेपेक्षा उंच सुराची असते. सतार किंवा गिटार वाजवणाऱ्याला हे चुकीचे वाटते आणि ‘तार उलटी बसवली आहे’ अशी तक्रार केली जाते, पण ती या वाद्याची जुनी रीत आहे. तसेच नायलॉनच्या किंवा फ्लुरोकार्बनच्या नव्या तारा पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, ताणत राहतात आणि वाद्य पुन्हा पुन्हा उतरते, यालाही दोष म्हणता येत नाही. घर्षणावर चालणाऱ्या साध्या खुंट्या घसरत असतील, तर त्यांच्या टोकाचा स्क्रू किंचित आवळून पाहावा. तारा स्थिरावल्यानंतरही दातेरी चाकाची खुंटी सुटत असेल किंवा फिरताना मध्येच अडकत असेल, तर मात्र तो भाग बदलून मागावा.

खरी परीक्षा फ्रेटची, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, आहे आणि तिला सावकाश वेळ द्यावा. प्रत्येक तार मोकळी आणि नंतर पहिल्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेका जागी दाबून, नेहमीच्याच जोराने छेडावी आणि कोठे खरखर येते ते नोंदवहीतील तक्त्यात लिहावे. तंबोऱ्यात जी जवारी आपण दोरा सरकवून मुद्दाम साधतो, तिच्यासारखा झणत्कार युकुलेलेत ऐकू आला, तर तो दोषच मानायचा, आणि तो कोठे येतो यावरून त्याचे कारण बरेचसे ओळखता येते. केवळ मोकळी तार खरखरत असेल, तर नटमधील, म्हणजे मानेच्या डोक्याकडील टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीतील, तिची खाच जास्त खोल कापली गेली आहे. एखाद्याच जागी खरखर असेल, तर पुढचा फ्रेट उंच राहिलेला आहे. सगळीकडे असेल, तर तारा फारच खाली आहेत किंवा मान वाकलेली आहे. फ्रेटशी संबंध नसलेली, ठरावीक सुरालाच उठणारी थरथर ऐकू आल्यास आधी खुंट्यांचे स्क्रू आणि तारांची लोंबती टोके तपासावीत. त्यानंतरही ती राहिली, तर आतील आधारपट्टी सुटलेली असण्याची शक्यता असते आणि ते काम वॉरंटीतच व्हायला हवे.

तारांची उंची बाराव्या फ्रेटवर मोजावी. साधारण अडीच ते तीन मिलिमीटर ही सोयीची उंची मानतात, आणि याहून बरीच जास्त असेल तर तार दाबताना ताणली जाऊन सूर चढतो. नटची उंची पाहण्यासाठी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबावी आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघावे. कागद जेमतेम जाईल एवढी फट योग्य असते. मग ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून मिळणारा स्वर आणि तेथेच दाबून येणारा स्वर यांची तुलना करावी, कारण हे दोन्ही एकच यायला हवेत. सोप्रानोची तार जेमतेम ३५ सेंटिमीटर लांबीची असल्याने चार-पाच सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतराचा शंभरावा भाग) फरक चालवून घ्यावा लागतो, पण सर्व तारांवर दहा सेंटपेक्षा जास्त फरक दिसत असेल तर मी लेखी तक्रार करीन. फरक एकाच तारेवर असेल, तर ती तारच असमान जाडीची असू शकते. विक्रेताही हेच उत्तर देईल, म्हणून तेवढी तार बदलून पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढा आणि बाराव्यावर बरोबर, अशी स्थिती असेल तर दोष नटच्या उंचीत असतो आणि तो दुरुस्त करणे सोपे असते. बाराव्यावरही सूर चढा असेल, तर प्रथम तेथील उंची पाहावी, आणि उंची योग्य असूनही तो चढाच राहिला तर सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती बारीक पट्टी) किंवा ब्रिज चुकीच्या जागी बसवला असल्याचा संशय घ्यावा. ब्रिजची जागा चुकलेले वाद्य दुरुस्त करून घेण्यापेक्षा बदलूनच मागावे.

हवामानाचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे, कारण कोकणातील पावसाळा आणि विदर्भातील उन्हाळा ही लाकडाच्या दृष्टीने दोन टोके आहेत. अशा वाद्यांसाठी साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवली जाते. कोरड्या हवेत फिंगरबोर्डचे, म्हणजे मानेवरील फ्रेट बसवलेल्या फळीचे, लाकूड आकसते पण धातूचे फ्रेट आकसत नाहीत, त्यामुळे त्यांची टोके कडेला बाहेर येऊन हाताला टोचू लागतात. दमट हवेत वरची फळी फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. सलग लाकडाच्या वाद्याला हा त्रास अधिक होतो, थर चिकटवलेल्याला कमी. विक्रेता अशा तक्रारीला ‘हवेचा परिणाम’ म्हणून उत्तर देतो आणि ते कित्येकदा बरोबरही असते. मात्र मापकावरील आर्द्रतेची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवली असेल आणि फ्रेटची टोके खोके उघडतानाच टोचत असतील, तर तो परिणाम आपल्या घरातला नाही हे दाखवता येते. वाद्य उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत, खिडकीत किंवा एसीच्या झोतात ठेवू नये हे वेगळे सांगायला नको.

दोष सापडल्यावर त्याला हात न लावणे हाही तयारीचाच भाग आहे. सॅडल घासणे, सुटलेल्या ब्रिजखाली घरातला गोंद भरणे, लेबल काढणे, यांपैकी काहीही केल्यास पुढचा दावा अडचणीत येतो. गिटारच्या पोलादी तारा तर कधीच लावू नयेत, कारण त्यांचा ताण या वाद्याला पेलत नाही. मिरजेच्या सतारमेकरांसारख्या जाणत्या हातांना नटची खाच बसवणे अवघड नाही, परंतु वॉरंटी चालू असेपर्यंत त्यांच्याकडेही विक्रेत्याची किंवा आयातदाराची लेखी संमती घेतल्याखेरीज जाऊ नये. पुष्कळ विक्रेते छोट्या कामाचा स्थानिक खर्च देण्यास तयार असतात, तेव्हा रक्कम आणि काम दोन्ही ईमेलवर लिहून घ्यावे.

तक्रारीचा मजकूर छोटा आणि मोजमापांचा असावा. ‘आवाज बरोबर नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘दिनांक अमुक रोजी मिळालेल्या, अमुक अनुक्रमांकाच्या कॉन्सर्ट युकुलेलेच्या सी तारेवर पाचव्या फ्रेटला खरखर येते, चित्रफीत सोबत जोडली आहे, वाद्य बदलून द्यावे’ असे लिहावे. मागणी स्पष्ट असावी, म्हणजे दुरुस्ती, बदली की पैसे परत यांपैकी काय हवे ते सांगावे आणि उत्तरासाठी तारीख द्यावी. दूरध्वनीवर झालेले बोलणे त्याच दिवशी ईमेलने कळवून पक्के करावे. वाद्य परत पाठवायचे असल्यास वाहतुकीचा खर्च कोण देणार हे आधी ठरवावे, तारा पूर्ण न काढता एक-दोन स्वर उतरवाव्यात, डोके आणि मान यांखाली कागदाचे बोळे घट्ट बसवावेत, आणि मूळ खोके दुसऱ्या मजबूत खोक्यात ठेवून पाठवण्यापूर्वीची छायाचित्रे घ्यावीत. सेवा केंद्रात स्वतः नेऊन दिल्यास जॉब शीटवर दोषाचे वर्णन आपल्याच शब्दांत लिहिले गेले आहे का हे वाचूनच सही करावी.

विक्रेत्याने टाळाटाळ केली, तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. ई-कॉमर्स संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच आणि महिन्याभरात तिचे निराकरण करणे अपेक्षित आहे. दुकानातून घेतलेल्या वाद्याच्या बाबतीत ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीने घाबरू नये. बिलात मुदत दिलेली असल्यास त्या मुदतीत, नसल्यास ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल न देणे हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तीन-चार हजारांच्या वाद्यासाठी आयोगापर्यंत जाण्याइतका वेळ आणि चिकाटी प्रत्येकाकडे नसते हे खरे, पण हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला दोन्हीची फारशी गरज पडत नाही.

वाद्य दुरुस्त होऊन किंवा बदलून परत आले, की तोच तक्ता पुन्हा पहिल्यापासून भरावा, कारण एक उंच फ्रेट घासताना शेजारचा बिघडणे ही नेहमीची गोष्ट आहे. बदलून आलेल्या वाद्याचा नवा अनुक्रमांक बिलावर किंवा निदान ईमेलमध्ये नोंदवून घ्यावा आणि त्याची वॉरंटी नव्याने सुरू होते की जुनीच पुढे चालते, हेही त्याच ईमेलमध्ये विचारावे.