उन्हाळ्यात दिवसभर मरगळ, रात्री झोप नाही? उजेडाच्या या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. सकाळी नऊलाच खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, कूलर सुरू करायचा. उन्हापासून वाचायला हे बरोबरच आहे. पण मग दिवस काळोखात जातो आणि रात्री अकरापर्यंत डोक्यावर २० वॅटची पांढरीफेक ट्यूब जळत असते. झोप लागली नाही की बोल उकाड्याला लागतो, उजेडाची ही उलटापालट कुणाच्या लक्षात येत नाही.

डोळ्यांतल्या काही पेशी मेंदूतल्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. हे घड्याळ बहुतेकांचं २४ तासांहून जरा जास्त घेतं, म्हणून ते रोज सकाळी उजेडाने जुळवावं लागतं.

घरातला उजेड पुरेसा समजणं. ही सगळ्यात मोठी चूक. ट्यूबच्या खोलीत साधारण १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, सकाळी ओट्यावर सावलीत बसलात तरी काही हजार. डोळा सरावतो म्हणून फरक जाणवत नाही. मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. सहा ते साडेसातमध्ये अर्धा तास बाहेर काढा. चहा, पेपर, भाजी निवडणं, सगळं ओट्यावर. गॉगल नको आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही. आभाळ भरलेलं असेल तर तासभर बसा. दुपारी उत्तरेची एक खिडकी किलकिली ठेवून तिच्या हातभर अंतरावर बसा.

फोनचा नाइट मोड लावून निर्धास्त होणं. पडदा पिवळा झाला तरी प्रखरपणा तोच राहतो. तो कमी करा. दहाला झोपायचं तर आठलाच ट्यूब बंद करून पिवळसर बल्ब लावा. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी म्हणजे पिवळसर) बघून घ्या, ६५०० नको.

गच्चीवर पथदिव्यासमोर बाज टाकणं. मच्छरदाणी उजेड अडवत नाही. कठड्याच्या आडोशाला सरका, नाहीतर डोळ्यांवर सुती रुमाल घ्या.

रात्रीच्या विजेवर केळीला पाणी भरणाऱ्यांनी मात्र झोपेपायी बॅटरी विझवू नये. बांधावर सापाची भीती आधी. झोत पायाशी ठेवा, एकमेकांच्या डोळ्यांवर नको. सकाळी घरी आल्यावर खिडकीला गोधडी लावून झोपा आणि उठल्यावर उजेडात या.

सगळं करूनही जमत नसेल तर आधी तक्रार नेमकी कोणती ते बघा. साडेसातलाच पेंगणाऱ्या आणि तीनला टक्क जागं होणाऱ्या आजोबांचं घड्याळ पुढे पळतंय. त्यांना पहाटेचा उजेड वाढवला तर ते आणखी पळेल. त्यांची खुर्ची संध्याकाळी पाच ते साडेसहा अंगणात टाका.