एनलाइटनमेंटमध्ये खिडक्या अडखळत होत्या, त्यावरचा उपाय

नव्याने इन्स्टॉल केलेल्या लिनक्सवर एनलाइटनमेंट सुरू केलं, तर खिडकी सरकवताना ती अडखळायची आणि प्रोसेसर तापायचा. हे मला पटेना. १९९७ पासून चालत आलेला हा विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा आणि हलवणारा प्रोग्राम, हलकेपणासाठीच ओळखला जातो. त्याची ईव्हास ही लायब्ररी पडद्याचा बदललेला भाग तेवढाच पुन्हा रंगवते.

ग्राफिक्सचं काम कोण करतंय हे दाखवणारी जीएलएक्सइन्फो ही आज्ञा टर्मिनलमध्ये चालवली. रेंडररच्या (चित्र रंगवणाऱ्याच्या) ओळीत ग्राफिक्स कार्डाऐवजी 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं आणि उलगडा झाला. म्हणजे ओपनजीएलचं (ग्राफिक्स रेखाटायच्या प्रमाणित पद्धतीचं) सगळं काम मेसा हा लिनक्सवरचा ग्राफिक्स संच प्रोसेसरकडूनच करून घेत होता!

आधी तात्पुरता इलाज म्हणून सेटिंग्जमध्ये कंपोझिटरसाठी (सगळ्या खिडक्या एकत्र करून पडद्यावर दाखवणाऱ्या भागासाठी) सॉफ्टवेअर रेंडरिंग, म्हणजे ओपनजीएल टाळून थेट प्रोसेसरने रंगवणं, निवडलं. ऐकायला उलटं वाटेल, पण ईव्हासचं स्वतःचं सॉफ्टवेअर इंजिन इतकं उत्तम आहे की तेवढ्यानेच खिडक्या सुरळीत हलू लागल्या.

मूळ कारण कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींमध्ये सापडलं: कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे ते चालायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, लोडच झालं नव्हतं. फर्मवेअरचं पॅकेज टाकलं, रीबूट केलं, पुन्हा तपासलं. आता कार्डाचं नाव आलं, मग ओपनजीएल परत चालू केलं. ज्या जुन्या मशीनचं कार्ड अगदीच कमकुवत आहे, तिथे मात्र मी सॉफ्टवेअर इंजिनच ठेवतो.