बाबांचं कानाचं मशीन आणि चिपळूणचा पावसाळा

जुलै लागला की बाबांचं कानाचं मशीन रुसायचं. सकाळी ठीक, दुपारी आवाज विहिरीतून आल्यासारखा, संध्याकाळी पूर्ण गप्प. दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या. मी दोनदा सेल बदलून पाहिले, फरक शून्य.

मग एकदा मशीन उजेडात धरलं. कानामागच्या भागातून कानात बसणाऱ्या साच्यापर्यंत जी पारदर्शक नळी येते, तिच्यात पाण्याचा बारीक थेंब अडकला होता. आवाज त्या नळीतूनच कानात जातो, थेंबाने वाटच अडवलेली! साचा नळीसकट मशीनपासून सोडवला, रबरी फुग्याच्या पंपाने हवा मारली, थेंब उडाला. (तोंडाने फुंकू नका, उलट वाफ आत जाते. मी आधी तेच केलं होतं.) सुटा केलेला साचा कोमट साबणपाण्यात धुता येतो, मशीनला मात्र पाण्याचा स्पर्शही नको.

आता रात्री मशीन सेलचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) घट्ट झाकणाच्या डबीत जातं. सेल बाहेर, कारण त्यातला झिंक-एअर, म्हणजे हवेवर चालणारा, सेल अशा कोरड्या डबीत सुकतो. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे.

सेलचीही एक चूक कळली. बाबांचा १३ नंबरचा, नारिंगी पट्टीवाला. पट्टी काढली की मी लगेच आत सरकवायचो. एक-दोन मिनिटं उघडा ठेवला की हवा आत शिरते आणि तो नीट जागा होतो. पट्टी परत चिकटवून तो वाचत नाही, हे आईला अजून पटलेलं नाही. तिच्या डब्यात असे तीन सेल आहेत.