ग्रुनेवाल्डचा ख्रिस्त बघताना आधी हात बघा

फ्रान्समधल्या कोल्मारच्या उंटरलिंडन संग्रहालयात जाल तेव्हा जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डच्या, क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या या एका चित्रासाठी तासभर हाताशी ठेवा. पहिल्यांदा मी ख्रिस्ताच्या चेहऱ्याकडे बघितलं, रडू आलं, आणि बाकी काही दिसलंच नाही. दुसऱ्यांदा वॉर्डातल्या सवयीने बघितलं. एकतीस वर्षं नर्स होते. रुग्णाला बोलता येत नसलं की आम्ही त्याचे हात बघायचो.

म्हणून चेहरा शेवटी. सुरुवात खिळ्यांपासून करा. तळहात ठोकलेले आहेत आणि बोटं ताठ फाकून आभाळाकडे वळली आहेत. झटका आलेल्या माणसाची बोटं मी अशीच पाहिली आहेत. मग कातडी बघा : हिरवट, जागोजागी काटे रुतलेले, अंगभर फोड. हे चित्र १५१२ ते १५१६च्या सुमारास इसेनहाइमच्या मठासाठी रंगवलं गेलं. तिथले संन्यासी ‘संत अँथनीची आग’ झालेल्यांची शुश्रूषा करत. राय धान्यावर अर्गट नावाची बुरशी धरते; तसल्या धान्याचा पाव खाल्ला की अंगाची आग व्हायची, झटके यायचे, हातपाय काळे पडून झडायचे. अशा रुग्णाला समोरचा देव आपल्याच खाटेवरचा वाटला असेल, असं मला मनापासून वाटतं.

डावीकडे पांढऱ्या वस्त्रातली ख्रिस्ताची आई मरिया कोसळते आहे. ख्रिस्ताचा शिष्य योहान, त्याने तिला सावरलंय, पण तिचे गुंफलेले हात सुटलेले नाहीत. खाली गुडघ्यांवर ख्रिस्ताची अनुयायी मग्दालेना, शेजारी सुगंधी तेलाची बरणी. ती इतकी लहान का? उत्तर उजवीकडे आहे. तिथला योहान दुसरा, ख्रिस्ताला बाप्तिस्मा देणारा; त्याचा शिरच्छेद ख्रिस्ताला क्रूसावर चढवण्याआधीच झाला होता, तरी तो इथे शांत उभा राहून ख्रिस्ताकडे लांब बोट दाखवतो. हाताशी लाल लॅटिन अक्षरं : तो वाढायला हवा, मी घटायला हवं. म्हणून ख्रिस्त मोठा, मग्दालेना लहान. योहानाच्या पायांशी कोकरू, त्याच्या छातीतलं रक्त चषकात पडतंय; हा मिस्सातला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतला चषक.

आता चेहरा बघा. हवा तेवढा वेळ घ्या.

पण तिथूनच परतू नका. चित्र ज्यांवर रंगवलंय त्या लाकडी फळ्या सुट्या उभ्या केल्या आहेत, त्यांच्या मागे जा. पाठीवर ख्रिस्ताचं पुनरुत्थान, म्हणजे मरणातून पुन्हा उठणं, आहे. हात पुन्हा वर, तळहात आपल्याकडे. खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. अंगावर फोड एकही नाही.