अंगणात कुळीथ टाकून नैसर्गिक निवड कशी दाखवायची

भाचीला उत्क्रांती शिकवताना एक गोष्ट काही केल्या सुटेना, जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली असंच तिच्या डोक्यात बसलेलं. शेवटी फोंड्याच्या घरी अंगणात खेळच मांडला.

कुळीथ, हिरवे मूग आणि पांढरी चवळी, प्रत्येकी २० दाणे घ्या आणि तांबड्या मातीत हातभर जागेत विखरून टाका. मूल म्हणजे साळुंकी. त्याने एका हाताने, एकेक करून, भराभर ३० दाणे टिपायचे, शोधत बसायचं नाही, दिसला की उचलला. आमच्याकडे पहिल्या फेरीत उरले १६ कुळीथ, १० मूग आणि ४ चवळी. आता उरलेल्या प्रत्येकाला त्याच रंगाचं एक पिल्लू द्या, म्हणजे परत ६० झाले, आणि पुन्हा टिपायला लावा. तिसऱ्या फेरीनंतर चवळी एकपण नव्हती.

इथे थांबून विचारा, एकातरी चवळीने रंग बदलला का? नाही ना! दाणे होते तसेच राहिले, घोळका बदलला. हेच कळायला हवं, बाकी सगळं यातूनच येतं: आधीपासून फरक असणं, तो पिल्लांत उतरणं, आणि सगळेच न जगणं. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. नवा फरक कुठून येतो असं विचारलं तर एका पिल्लाच्या जागी अख्खा मसूर टाका. तो मातीकडे बघून आलेला नाही, नुसता आला, आता टिकतो की जातो ते साळुंकी ठरवणार.

खरं उदाहरण पायजे तर इंग्लंडातल्या मँचेस्टरचे पतंग, म्हणजे फुलपाखरासारखे किडे, सांगा. १८४८ मध्ये तिथे काळा पतंग नोंदवला गेला, कारखान्यांच्या काजळीने झाडं काळी पडत गेली, त्यावर पांढुरके पतंग पक्ष्यांना चटकन दिसायला लागले आणि १८९५ पर्यंत जवळजवळ ९८ टक्के पतंग काळे. पुढे हवा सुधारली तशी पांढुरक्यांची संख्या परत वाढली. आणि आपल्या गोव्यातल्या खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खारं पाणी शिरलं की बाकीचं भात करपतं, कोरगुट हे गावठी भात तग धरतं, ते मिठाने कोणाला शिकवलेलं नाही, ज्याला सोसलं त्याचंच बी पुढच्या वर्षी पेरलं गेलं.

हाच खेळ जुलैत मागीलदारी शेवाळ धरलेल्या चिऱ्यांवर परत करा, तेच दाणे, तीच साळुंकी. आमच्याकडे तिथे कुळीथ आधी संपले आणि मूग उरले.