सौर रोबोचा किट: तीन सुटे बोर्ड

पॅनल, सोलर इंजिन (पॅनलची वीज साठवून ती झटक्यात मोटरला देणारं सर्किट) आणि मोटर वेगवेगळ्या बोर्डांवर ठेवा; बिघाड लगेच सापडतो. पॅनलला 2 पिनांचा कनेक्टर, मोटरला 3 पिनांचा, म्हणजे मुलं अदलाबदल करणार नाहीत. इंजिनात 4700 मायक्रोफॅरड, 10 व्होल्टचा कपॅसिटर, लुकलुकणारा एलईडी, 2.2 किलोओहम रेझिस्टर, 2एन3904 आणि 2एन3906 हे ट्रान्झिस्टर. पॅनल 5 व्होल्टचं.

इथेच घोळ होतो: 3904ऐवजी बीसी547 लावाल, तर सपाट बाजूकडून पाहता पायांचा क्रम उलटा, ईबीसीऐवजी (एमिटर, बेस, कलेक्टर) सीबीई. बोर्डावर अक्षरं छापाच!

मोटरच्या वाइंडिंगचा रोध 10 ओहमपेक्षा जास्त हवा; खेळण्यातली 1-2 ओहमची मोटर नुसती थरथरते. चाचणी ट्यूबलाइटखाली नको, वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या गच्चीवर उन्हात घ्या.