‘पुढे वाचा’ दाबल्यावर लेख पुन्हा पहिल्यापासून? या चुका टाळा

मुखपृष्ठावर दोन परिच्छेद वाचले, ‘पुढे वाचा’ दाबलं, आणि तेच दोन परिच्छेद पुन्हा समोर! मोबाइलवर आपली जागा शोधत बसण्याइतका धीर किती वाचकांकडे असतो?

तुमचा ब्लॉग वर्डप्रेसवर (साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर) असेल तर यावरची सोय मुळातच आहे. मुखपृष्ठावर लेख जिथे तोडायचा तिथे ‘मोर’ (more) ब्लॉक टाकतात. तो टाकाल तिथे लेखाच्या पानावर एक अदृश्य खूण पडते आणि लिंक थेट त्या खुणेवर नेते. म्हणून काहीही बदलण्याआधी लिंक कॉपी करून तिचा पत्ता बघा. लेखाचा क्रमांक ४१२ असेल, तर शेवटी हॅश, मोर, डॅश आणि ४१२ (#more-412) असं शेपूट हवं. गूगलच्या ब्लॉगरमध्ये क्रमांक नसतो, नुसतं हॅश आणि मोर.

शेपूटच नसेल तर ब्लॉक कितीही वरखाली करा, काही उपयोग नाही. बहुतेक वेळा थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा) ‘मोर’ची खूण न वापरता लेखाचा सारांश दाखवत असते. नाहीतर कुणीतरी थीमच्या फंक्शन्सच्या फाइलमध्ये ते शेपूट छाटणारा कोड चिकटवलेला असतो. असा कोड नेटवर वर्षानुवर्षं फिरतोय.

ब्लॉकऐवजी <!--more--> ही खूण हाताने टाइप करताना ‘मोर’ आधीच्या दोन डॅशना चिकटूनच हवं. मध्ये एक स्पेस पडली तरी वर्डप्रेस ओळखत नाही. वर्डमधून आणलेल्या मजकुरात दोन डॅशची एक लांब रेघ झालेली असते, तीही चालत नाही.

शेपूट आहे, उडीही बसते, पण पहिल्या दोन ओळी गायब? त्या चिकट हेडरखाली, म्हणजे पान सरकवलं तरी वरच राहणाऱ्या पट्टीखाली, दडलेल्या असतात. उगाच रिकाम्या ओळी घालू नका. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) त्या खुणेला ‘स्क्रोल मार्जिन टॉप’ द्या, हेडरच्या उंचीपेक्षा थोडं जास्त. हेडर ७० पिक्सेलचा असेल तर ८५ द्या.

उडी कधी बरोबर, कधी चुकीची पडत असेल तर खुणेच्या वरचे फोटो तपासा. रुंदी-उंची न दिलेला फोटो उशिरा उतरतो आणि खालचा मजकूर ढकलतो. जाहिरातींचंही तेच. काही ब्राउझर हे सावरून घेतात, सगळे नाही.

ब्लॉकच्या सेटिंगमध्ये पूर्ण लेखाच्या पानावर प्रस्तावना लपवण्याचं बटण आहे. मोह होतो, पण माझ्या मते ते बंदच ठेवावं. व्हॉट्सॲपवरून थेट लेखावर येणाऱ्यालाही प्रस्तावना दिसत नाही, त्याच्यासाठी लेख अधांतरीच सुरू होतो.

तपासणी लॉगआउट होऊन करा. लॉगइन असताना वर ३२ पिक्सेलची ॲडमिन पट्टी असते, मोबाइलवर ४६ची, आणि तिच्यामुळे तुमचा अंदाज चुकू शकतो.